काळी आई आणि काळी जमीन

मराठी ग्रामीण साहित्याने मातीचे गोडवे पुष्कळ गायिले, पण मातीची चौकशी फारशी केली नाही, असे विधान केले तर ते अनेकांना कटू वाटेल. परंतु दिवाळी अंकांकडे येणाऱ्या कवितांचा गठ्ठा ज्यांनी एकदा तरी चाळला आहे, त्यांना ते अगदीच खोटे वाटू नये. दर दोन-चार कवितांमागे एकीत 'काळी आई' असते. तिची कूस असते, तिचा हिरवा शालू असतो, आणि उन्हाळ्यात तिच्या अंगावर पडलेल्या भेगा या तिच्या काळजाच्या भेगा असतात. वास्तविक काळ्या जमिनीला भेगा पडणे हे तिच्या दुःखाचे लक्षण नव्हे, तिच्या जातीचे लक्षण आहे. या मातीतली चिकण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली ढासळते, पावसाळ्यात जमीन फुगली की खालची वर ढकलली जाते. म्हणूनच ही जमीन आपली आपण नांगरली जाते, असे म्हणतात. कवीला जिथे काळीज फाटलेले दिसते तिथे कुणबी पुढच्या रब्बीचा हिशेब करीत असतो. दोघेही एकाच बांधावर उभे आहेत. पण त्यांतला एकच जण खाली पाहतो आहे.

आई या शब्दाची एक अडचण आहे. आई देत राहते, आणि तिच्या प्रकृतीची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. हा समज कवितेत राहिला असता तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. तो शिवारात उतरला आहे. आमचा बेळगाव जिल्हा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला खानापूरची तांबडी जमीन, धो धो पाऊस, भाताची खाचरे आणि धूळवाफ पेरणी. पूर्वेला अथणीकडे जावे तो पाऊस आटत जातो, माती काळी होत जाते आणि जोंधळा दिसू लागतो. मधे कृष्णेचा काठ. या काठाने, अथणी-चिकोडीपासून पलीकडच्या शिरोळपर्यंत, उसाला पाटाचे पाणी वर्षानुवर्षे दिल्यामुळे जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या आहेत. भर उन्हात पांढरी दिसणारी ही राने बसच्या खिडकीतूनही ओळखता येतात. ऊस तुटला की पाचट पेटवायचे, हा रिवाज तर अजून मोडलेला नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर मातीला अन्न होते, ओल टिकते, गांडुळे वाढतात. पेटवले तर त्यातला नत्र आणि कर्ब धुरावाटे जातो आणि वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात. त्याच शेताचा मालक गावच्या कार्यक्रमात 'काळी आई'वरच्या कवितेला टाळ्या वाजवतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. त्याला विसंगत का वाटावे? कवितेत पाचट कुठे असते?

यावर कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे शेतकी खात्याचे पत्रक नव्हे. मान्य आहे. साहित्याने खताचे प्रमाण सांगावे असे माझे म्हणणे नाही. पण दर्यावरची कथा लिहिणाऱ्याला होडी आणि वारा कळावा लागतो, आणि न्यायालयावर नाटक लिहिणाऱ्याला उलटतपासणी. मग मातीवर आयुष्यभर लिहिणाऱ्याला माती कळावी, ही अपेक्षा जास्तीची कशी ठरते? ज्या थोड्या मराठी लेखकांनी खाली वाकून माती पाहिली, त्यांचे लेखन त्या पाहण्यामुळे अधिक चांगले झाले आहे, आणि आमच्या समीक्षेने नेमके तेच पाहणे नजरेआड केले आहे, असे मला वाटते.

यांतले पहिले नाव महात्मा फुल्यांचे. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण झाला. दख्खनचे दंगे १८७५ चे, मोठा दुष्काळ १८७६-७७ चा, जंगलचा कायदा १८७८ चा. हे सगळे ताजे असताना हे पुस्तक लिहिलेले आहे. त्याचे काही भाग छापून पुढचे छापण्याचे धैर्य तेव्हाच्या मंडळींना झाले नाही, आणि पूर्ण पुस्तक लेखकाच्या हयातीत छापलेच गेले नाही. मात्र बडोद्याच्या तरुण सयाजीराव महाराजांनी ते साद्यंत ऐकून घेतले, अशी नोंद खुद्द फुल्यांनी उपोद्घातात केली आहे. पुढे हे पुस्तक अभ्यासक्रमांत आले, त्यावर प्रबंध झाले. या सर्व अभ्यासात काय शोधले गेले? ब्राह्मणशाहीवरचा हल्ला, नोकरशाहीवरचा हल्ला, सत्यशोधकी विचार. हे सर्व त्यात आहेच आणि ते महत्त्वाचे आहे. पण शेवटच्या प्रकरणात सरकारने काय उपाय करावेत हे सांगताना फुले जे लिहितात, त्याकडे 'उपाययोजना' असे शीर्षक देऊन आमचे टीकाकार दोन ओळींत पुढे जातात. मला तो भाग पुस्तकाचा कणा वाटतो.

फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगरावरच्या झाडांची पाने-फुले गळतात, किडे-प्राणी मरतात, त्यांचे कुजून सत्त्व होते. वळवाचा पाऊस ते सत्त्व धुऊन खाली आणतो. ते ओढ्यानाल्यांतून वाया न जाता शेतांत मुरावे, म्हणून सरकारने आपल्या रिकाम्या फौजेकडून आणि जादा पोलिसांकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा बेताने घालून घ्यावेत की, पाणी आधी शेतांत जिरेल आणि मगच नदीला मिळेल. याच्या जोडीला तळ्यांतला गाळ काढणे, पूर्वीची गायराने गावांना परत देणे, शेळ्यामेंढ्यांची पैदास वाढवून त्यांच्या लेंड्यामुताचे खत शेताला मिळू देणे. दुसरीकडे ते असेही सांगतात की, लोकसंख्या वाढल्यामुळे पाळीपाळीने शेत पडीक टाकण्याची सोय शेतकऱ्याला उरली नाही आणि त्यामुळे जमिनीतले सत्त्व गेले.

आज मृद्संधारण, पाणलोट विकास, सेंद्रिय कर्ब अशी नावे ज्या गोष्टींना आहेत त्या सगळ्या इथे आहेत. पण माझा मुद्दा फुले काळाच्या किती पुढे होते हा नाही. तो जयंतीच्या भाषणाचा विषय आहे. मुद्दा त्यांच्या गद्याचा आहे. फुल्यांची वाक्ये लांबलचक, वेडीवाकडी, व्याकरणात न बसणारी आहेत अशी तक्रार जुन्या पंडितांपासून ऐकू येते. हा बंधाऱ्यांचा भाग मोठ्याने वाचून पाहावा. वाक्य डोंगरमाथ्यावर सुरू होते, पाने, किडे, हाडे गोळा करीत पावसाबरोबर उतरते, अडवले जाते, शेतात शिरते, मुरते, आणि उरलेसुरले ओढ्याकडे जाते. मधेच पूर्णविराम दिला तर पाण्याची वाटच तुटेल. रान, गुरे, माती आणि पाणी ही चार वेगळी खाती नसून एकच व्यवहार आहे, हे लेखकाला दिसले होते, म्हणून त्याचे वाक्य असे झाले. चिपळूणकरी गद्यात हे वाक्य लिहून दाखवावे. ते घाटदार होईल, पण पाणी मात्र मुरणार नाही.

फुल्यांच्या या डोंगर-शेत नात्याचा खरेपणा खानापूरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. तिथले भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, आणि त्या रानातल्या बारापेडे गुहेतली रॉटनची वटवाघळे ही जगातल्या दुर्मीळ वटवाघळांत गणली जातात. ही वटवाघळे किडे खाऊन जगतात. रानातून शेताकडे पालापाचोळ्याचे सत्त्वच येते असे नाही, किडीवर जगणारे पाखरू आणि वटवाघूळही त्याच वाटेने येते. अभयारण्याच्या हद्दीवर जे वाद चालतात, त्यांत जंगल एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला अशीच मांडणी होते. फुल्यांनीही जंगलखात्याला खरमरीत बोल लावले आहेत, पण त्यांचा राग रानावर नव्हता. रानाशी असलेले कुणब्याचे येणेजाणे बंद करणाऱ्यांवर होता.

अर्थात फुल्यांना आज कोणी 'सेंद्रिय शेतीचे जनक' करू पाहील तर तेही खोटे होईल. रासायनिक खताची गोणी त्यांनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे तिच्या बाजूने वा विरुद्ध त्यांचे मत काढणे व्यर्थ आहे. फौज आणि पोलीस कुदळ घेऊन बांध घालतील ही त्यांची अपेक्षाही, खरे सांगायचे तर, भाबडी होती. असूड हातात असलेल्या माणसाने सरकारवर इतका भरवसा ठेवावा याचे नवल वाटते.

'असूडा'नंतर जवळजवळ अर्धशतकाने हीच कुजण्याची गोष्ट प्रयोगशाळेत पोहोचली, तीही मराठी माणसांच्या जुन्या वस्तीच्या शहरात. इंदूरला होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती-संशोधनाची संस्था उभारली. १९०५ साली हिंदुस्थानात आलेला हा इंग्रज शास्त्रज्ञ येथील शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना आपले शिक्षक मानीत असे. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग तीन वेळा उलथायचा, आणि तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत मिळवायचे, ही 'इंदूर पद्धत' पुढे जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे इंग्रजी पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डच्या नावाशेजारी दुसरे नाव आहे, यशवंत वाड यांचे. उकिरड्याचे शास्त्र करणाऱ्या या पुस्तकाचा हा सहलेखक आमच्या वाङ्मयेतिहासाला ठाऊक नाही. तो साहित्यिक नव्हता हे खरे. पण नाटक कंपन्यांच्या मालकांना जो इतिहास पाने देतो त्याने याला एखादी ओळ द्यायला हरकत नव्हती.

आता कादंबरीकडे वळू. आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ ची. यादव कागलचे, म्हणजे निपाणीच्या वेशीपलीकडचे. त्यांची बोली आमच्याकडच्या वाचकाला परकी नाही. नारबा हा लग्नाविना राहिलेला शेतगडी, त्याचा मळा, त्याची जनावरे, आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. मालक जनावरे काढून टाकतो आणि नारबाचा गोतावळा मोडतो. या कादंबरीवर उत्तम लिहिले गेले आहे. एकाकी माणसाचे दुःख, यंत्र आणि माणूस, दडपलेली वासना, बोलीचा साद्यंत वापर. सर्व बरोबर. परंतु जनावरे गेली म्हणजे नारबाची माणसे गेली, एवढ्यावरच टीका थांबते. जनावरे गेली म्हणजे मळ्यातले शेण गेले, हे कोणी लिहिले नाही.

हे वाक्य काहींना हास्यास्पद वाटेल, पण कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचावी. नारबाच्या गोतावळ्यात बैल आणि म्हशी आहेत तशी कुत्री, कोंबड्या, पाखरे, झाडेही आहेत. हे सगळे एकमेकांचे खाऊन, एकमेकांना देऊन जगते. वैरण गोठ्यात येते, शेण उकिरड्यात जाते, उकिरडा मळ्यात जातो, मळा पुन्हा वैरण देतो. नारबा या फेऱ्यातला एक जीव आहे. त्याचे प्रेम या फेऱ्याबाहेरून आलेले नाही. म्हणूनच ट्रॅक्टर आल्यावर त्याला जे होते ते नुसते विरहाचे दुःख नाही. फेरा तुटला आहे आणि त्यात त्याचे काम उरलेले नाही. ट्रॅक्टर शेणत नाही, ही साधी गोष्ट आहे. त्याने नांगरलेल्या रानात दोन-चार वर्षांनी काय होणार हे कादंबरी सांगत नाही, पण कागल-निपाणीच्या पट्ट्यातल्या वाचकाने ते नंतर पाहिले. शेणखताची गाडी मिळेनाशी झाली, गोण्यांची संख्या वाढत गेली. यादवांनी भावनेच्या पोटात एक शेतीशास्त्र ठेवले आहे, आणि ते भाषेतून ठेवले आहे; नारबाच्या तोंडी येणारे गोठ्याचे, वैरणीचे, मशागतीचे शब्द ही सजावट नाही, तो त्या फेऱ्याचा जमाखर्च आहे. बोलीच्या गोडव्यावर भाळलेल्या समीक्षेला हा जमाखर्च दिसला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'बद्दल (१९५५) इथे थोडेच बोलता येईल. धनगरांची ती वाडी दुष्काळाने उठते. वाडी उठली म्हणजे मेंढरे उठली, आणि मेंढरे उठली म्हणजे ज्या रानांत ती रात्री बसवली जात त्या रानांचे खतही उठले. आमच्या भागात आजही सुगी झाल्यावर रानात मेंढरे बसवतात. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतात. माडगूळकर हे काही समजावून सांगत नाहीत. ते फक्त माणदेशचे उघडे रान इतके नेमके दाखवतात की, जाणत्याला बाकीचे कळावे.

उलट अलीकडच्या शेतकरी कादंबरीत कर्ज आहे, बाजार आहे, आत्महत्या आहे, पण पायाखालची जमीन बहुधा नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) ही मोठी कादंबरी आहे. शिकलेल्या शेतकरी तरुणाची कोंडी तिच्याइतकी कोणी दाखवली नाही, आणि २००४ चे साहित्य अकादमी पारितोषिक तिला योग्यच मिळाले. पण तिच्यानंतर त्या वाटेने जी रांग लागली तिच्यात बियाण्याची पिशवी आणि औषधाची बाटली सावकाराच्या वहीत जेवढी दिसते तेवढी मातीत दिसत नाही. खर्च का वाढला? दर वर्षी तेवढ्याच पिकाला जास्त गोण्या का लागतात? याचे निम्मे उत्तर बाजारात असेल, पण निम्मे जमिनीत आहे. तिथवर कादंबरीकार पोहोचला असता तर त्याच्या शोकांतिकेला आणखी एक मजला खाली मिळाला असता.

याचा अर्थ सेंद्रिय शेतीची आरती करणारे साहित्य हवे असा कोणी घेऊ नये. तसे साहित्य आता येऊ लागले आहे आणि ते 'काळी आई'चाच नवा अवतार आहे. पूर्वी शालू होता, आता जीवामृत आहे. पाहणे दोन्हीकडे नाही. माती हुकमाने किंवा भक्तीने सुधारत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली, भाताचे पीक घटले ते वेगळेच. या विषयावर मराठीत पाहून, मोजून लिहिणारा लेखक हवा असेल तर श्री. अ. दाभोलकरांचे 'विपुलाच सृष्टी' वाचावे. गणित शिकवलेल्या या माणसाने कोल्हापूर भागात 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत कुटुंबाचे कसे भागेल याचा हिशेब तो पानावर पडणाऱ्या उन्हापासून आणि पांढऱ्या मुळीपासून सुरू करतो. शेतकऱ्याला उपदेश न करता त्याच्याकडून प्रयोगाचे टिपण मागतो. त्याचे गद्य कधी कधी फार वेगाने धावते आणि नवे शब्द बनवण्याचा त्याला सोस आहे, हेही सांगितले पाहिजे. पण मराठी वैचारिक गद्याच्या कुठल्याही चर्चेत हे पुस्तक नसते. ते शेतकीच्या कपाटात ठेवलेले असते.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना या गोष्टीची टोचणी अधिक आहे. इथे मराठी टिकली पाहिजे असे आम्ही व्यासपीठावर म्हणतो, पण कुठली मराठी? 'बेवड' हा शब्द घ्या. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, जसा हरभऱ्याचा बेवड जोंधळ्याला चांगला. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, आणि मुळे कुजली की त्यातला काही पुढच्या पिकाला मिळतो, हे शास्त्राने सांगण्याच्या कितीतरी आधी कुणब्याने या एका शब्दात बांधून ठेवले होते. दहावीच्या वर्गात मी हा शब्द विचारतो तेव्हा शेतकऱ्यांची मुलेही गप्प बसतात. एकाने बेवडा म्हणजे दारुड्या असे उत्तर दिले आणि वर्ग हसला. पिकांची फेरपालट बंद झाली, उसानंतर ऊस येत राहिला, तेव्हा बेवडाला अर्थच उरला नाही आणि शब्द आपोआप गेला. हा शब्द कानडीने घालवलेला नाही. उलट आमच्या कुरीला कानडी शेतकरी कूरिगे म्हणतो आणि दोघांच्या चाड्यावरची मूठ सारखीच असते.

२०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. आमच्याकडे ती कानडीत येते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी तीत असतात. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की पुढे 'कमी' असे लिहून येते. वाङ्मय म्हणून पाहिले तर हा कागद रुक्ष आहे. गांडूळ किती, बेवड कोणता, बांधावर झाड आहे की तेही तोडले, यातले काही तो विचारीत नाही. पण मातीची प्रकृती विचारणारा मजकूर शेतकऱ्याच्या घरात लेखी स्वरूपात आला तो हाच, आणि बहुतेक घरांत तो शिधापत्रिकेबरोबर त्याच पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. घरातला म्हातारा तो बाहेर काढतो, कानडी वाचता येणाऱ्या नातवाला वाचायला सांगतो, आणि नातू 'कमी' या शब्दापाशी येतो, अशी एकही कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही.